‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ मुलांच्या गटाबरोबर कशी वाचावी

अर्सुला के. ल ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. बेटांच्या जगात वाढलेला, जादू शिकण्यासाठी शाळेत गेलेला आणि गर्वाच्या एका क्षणी स्वतःवरच संकट ओढवून घेणारा एक मुलगा तिच्या केंद्रस्थानी आहे. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांबरोबर ही कादंबरी गटाने कशी वाचावी, तिचे कथानक त्यांच्या हाती नीट कसे द्यावे आणि तिचा आशय त्यांना स्वतःहून कसा सापडू द्यावा, हे येथे सांगायचे आहे. दाभोळच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यातील एका लहान सार्वजनिक वाचनालयात मी हे वाचन तीन पावसाळ्यांत तीन गटांबरोबर केले आहे आणि पहिल्या वर्षी ते पुरते फसले होते.

ते फसले याचे कारण माझीच घाई. मुलांना पुस्तक सोपे जावे या हेतूने मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकले की, नायकाच्या मागे लागलेली सावली म्हणजे शेवटी तो स्वतःच असतो. त्यानंतर मुलांना शोधण्यासारखे काही उरलेच नाही. प्रत्येक प्रसंगाला ती माझे वाक्य मलाच परत करत राहिली आणि चौथ्या आठवड्यापर्यंत निम्मी मुले येईनाशी झाली. या कादंबरीत कथानक आणि आशय वेगळे काढता येत नाहीत. सावलीला नायकाचे नाव कसे ठाऊक, हा कथानकातला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर हाच कादंबरीचा आशय आहे. म्हणून वाचून दाखवणाऱ्याचे मुख्य काम एकच: हा प्रश्न योग्य वेळी मुलांच्या मनात रुजवणे आणि शेवटच्या पानापर्यंत त्याचे उत्तर न देणे. पुढील सर्व सूचना या एका गोष्टीसाठी आहेत. ज्यांनी कादंबरी अजून वाचलेली नाही त्यांनी ती आधी पूर्ण वाचावी आणि मगच पुढे जावे, कारण शेवटाविषयी बोलल्याशिवाय हे सांगता येणार नाही.

वेळ, भाषा आणि नकाशा

आमच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, घरातली मोठी माणसे घरी असतात आणि संध्याकाळी पावसामुळे मुलांना मैदान नसते. समुद्राची कादंबरी वाचण्यासाठी याहून चांगला काळ नाही. कादंबरीत दहा प्रकरणे आहेत आणि या काळात साधारणपणे नऊ आठवडे मिळतात. त्यामुळे आठवड्याला एक प्रकरण घ्यावे आणि शेवटची दोन प्रकरणे एकाच बैठकीत वाचावीत. ती दोन तोडून वाचली तर नायकाचा शेवटचा प्रवास अर्ध्यावर थांबतो आणि मधल्या आठवड्यात त्याचा जोर ओसरतो.

मी इंग्रजी पुस्तक समोर ठेवून मराठीत सांगत जाते आणि महत्त्वाचे परिच्छेद आधी लिहून आणून जसेच्या तसे वाचते. यात शब्दांची निवड आधीच करून ठेवावी लागते. ‘मांत्रिक’ हा शब्द मंत्राशी, म्हणजे शब्दाच्या सामर्थ्याशी जोडलेला असल्यामुळे मूळ कल्पनेच्या सर्वांत जवळचा आहे, परंतु आपल्याकडे तो शब्द उच्चारताच मुलांच्या डोळ्यांपुढे गंडेदोरे देणारा भगत उभा राहतो. म्हणून मी ‘जादूगार’ हाच शब्द ठेवला आणि त्याच्या तोंडच्या शब्दांना ‘मंत्र’ म्हटले. खरे तर एवढ्यानेही पुरत नाही. तुम्ही सांगता ती जादू आणि गावातल्या देवऋषीची जादू एकच का, असे कोणीतरी विचारतेच. तेव्हा स्पष्ट सांगावे की कादंबरीतली जादू ही लेखिकेने निर्माण केलेल्या जगाची व्यवस्था आहे, आजारपणात जायचे ते डॉक्टरांकडेच, आणि आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. हे पाच मिनिटांत सांगून पुढे जावे. त्यावर अधिक वेळ घालवल्यास मुलांना वाटते की आपण पुस्तकालाच घाबरत आहोत.

पहिल्या बैठकीला गोष्ट सुरू करण्यापूर्वी पुस्तकातला नकाशा मोठ्या कागदावर काढून भिंतीवर लावावा. अर्थसी हे शेकडो बेटांचे जग आहे आणि तेथे कोठेही जायचे म्हणजे होडीनेच जायचे. धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने जाणाऱ्या मुलांना हे समजावून द्यावे लागत नाही. प्रत्येक बैठकीनंतर एका मुलाने नायकाचा त्या आठवड्याचा प्रवास नकाशावर पेन्सिलीने काढावा: गाँट या डोंगराळ बेटावरून रोकच्या शाळेत, तेथून पश्चिमेला लो टॉर्निंगच्या कोळ्यांच्या बेटांवर, पुढे ड्रॅगनांच्या पेंडोरला, मग उत्तरेच्या ऑस्किलला, तेथून परत गाँटला, आणि शेवटी पूर्वेकडे, इफिशला आणि त्याच्याही पलीकडे, जेथे नकाशावरची बेटे संपतात. सहाव्या प्रकरणापर्यंत लाल पेन्सिल द्यावी. सातव्या प्रकरणाअखेर निळी द्यावी आणि रंग का बदलला हे मुलांनीच सांगावे. त्याविषयी पुढे येईलच.

नावांची वही

अर्थसीच्या जगात प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक माणसाला एक खरे नाव असते. ते सृष्टीच्या आदिभाषेतले असते आणि ज्याला ते ठाऊक असते त्याची त्या वस्तूवर किंवा माणसावर सत्ता चालते. म्हणून माणसे एकमेकांना व्यवहारातल्या नावाने हाक मारतात आणि खरे नाव फक्त अगदी विश्वासाच्या माणसाला सांगतात. हा नियम मुलांना एकदा नीट सांगितला की कादंबरीचे निम्मे कथानक त्यांना आपोआप उलगडते.

प्रत्येक मुलाने एक वही करावी आणि तिच्यात तीन रकाने आखावेत: कोणाचे नाव, ते कोणी दिले किंवा सांगितले, आणि कोणत्या प्रसंगी. पहिली नोंद पहिल्याच प्रकरणात होते. नायकाला आईने ठेवलेले नाव ‘डनी’. तो वर्षाचा होण्याआधीच आई वारली, त्यामुळे जीव आणि हे नाव एवढेच तिला देता आले. पुढे तो शिकारी पक्ष्यांना हाक मारून खाली बोलावतो म्हणून लोक त्याला ‘स्पॅरोहॉक’ म्हणू लागतात. आपल्याकडे दिसणारा शिक्रा याच कुळातला आहे आणि आमच्या गटाने व्यवहारात तेच नाव वापरले. तेरा वर्षे पूर्ण होतात त्या दिवशी गावातली चेटकीण, म्हणजे त्याची मावशी, त्याचे बालपणीचे नाव काढून घेते, तो नदीच्या थंडगार उगमाच्या पाण्यातून चालत पलीकडे जातो आणि तेथे उभा असलेला ओगियन हा मितभाषी जादूगार त्याच्या कानात त्याचे खरे नाव सांगतो: गेड. हा परिच्छेद सावकाश, एकाही शब्दाचे स्पष्टीकरण न देता वाचावा. पाण्यात शिरताना मुलाजवळ कोणतेच नाव नाही, हे मुलांच्या लक्षात येते.

येथे आपल्या घरातल्या गोष्टी आठवतात आणि मुलांना त्या बोलू द्याव्यात. बारशाला पाळण्यात ठेवलेले नाव वेगळे, जन्मपत्रिकेतले नावरसाचे नाव वेगळे आणि हाक मारायचे नाव तिसरेच, हे अनेक घरांत अजूनही असते. रात्री सापाचे नाव घेऊ नये, ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणावे, हे आजीकडून ऐकलेले असते. नवऱ्याचे नाव एरवी न घेणारी आजी उखाण्यात मात्र ते घेत असे, हेही मुली सांगतात. या साम्यांचा उपयोग दार उघडण्यापुरता करावा. आपल्याकडे नाव टाळण्यामागे भीती किंवा मर्यादा असते. अर्थसीत खरे नाव म्हणजे त्या वस्तूचे पूर्ण ज्ञान असते. हा फरक मुलांनी स्वतः मांडला तर उत्तम, नाहीतर वाचून दाखवणाऱ्याने एका वाक्यात मांडावा.

लेखिकेच्या घरची एक हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ होते. कॅलिफोर्नियातील याही या आदिवासी समूहाचा शेवटचा माणूस १९११ मध्ये एकटाच समोर आला, तेव्हा क्रोबर यांनी त्याच्याबरोबर काम केले. त्याच्या समाजाच्या रीतीप्रमाणे स्वतःचे नाव स्वतः सांगायचे नव्हते आणि ते सांगणारे दुसरे कोणी उरलेले नव्हते. म्हणून जगाने त्याला ‘इशी’ म्हटले, ज्याचा त्याच्या भाषेतला अर्थ केवळ ‘माणूस’ असा होतो. १९१६ मध्ये तो वारला आणि त्याचे खरे नाव त्याच्याबरोबरच गेले. ल ग्विन यांचा जन्म त्यानंतर, १९२९ मध्ये झाला. कादंबरीतली नावांची कल्पना यातूनच आली असे सांगू नये. परंतु नाव ही केवळ परीकथेतली युक्ती नाही, माणसांनी ते प्राणापलीकडे जपले आहे, हे या हकिकतीमुळे मुलांना पटते. आमच्या गटात ती सांगितल्यावर बराच वेळ कोणी बोलले नव्हते.

रोकच्या शाळेत नऊ गुरू आहेत आणि त्यांपैकी नामगुरू कुरेमकार्मेरुक हा एका एकाकी मनोऱ्यात विद्यार्थ्यांकडून नावांच्या याद्या पाठ करून घेतो. मुलांना हा भाग कंटाळवाणा वाटण्याचा संभव असतो आणि नेमका येथेच त्यांना कामाला लावता येते. समुद्राला वश करायचे तर ‘समुद्र’ हे नाव पुरत नाही, प्रत्येक उपसागराचे, प्रत्येक खडकाचे आणि खाडीमुखाचे नाव ठाऊक असावे लागते, अशी या गुरूची शिकवण आहे. मुलांना एक आठवडा द्यावा आणि आपल्या गावाच्या हद्दीतल्या किनाऱ्यावरची नावे घरच्या तांडेलाला, आजोबांना, मासे विकणाऱ्या आजीला विचारून लिहून आणायला सांगावे: खडपांची, पुळणीच्या तुकड्यांची, पाण्याखालच्या खडकांची, वाऱ्यांची, भरतीच्या वेगवेगळ्या अवस्थांची. नकाशात जेथे नुसती एक रेघ असते तेथे आमच्या एका गटाने सत्तेचाळीस नावे आणली. एका मुलाचे आजोबा म्हणाले, “नाव माहीत नसलं तर होडी कुठं लागेल ते कसं सांगशील?” हे वाक्य त्या मुलाने बैठकीत सांगितले आणि नामगुरूचे प्रकरण मला पुन्हा समजावून द्यावे लागले नाही.

वहीतल्या पुढच्या नोंदी मुले आता स्वतःच करतात. शाळेच्या दारात द्वारपालाला स्वतःचे खरे नाव सांगितल्याशिवाय गेडला आत पाऊल टाकता येत नाही. शिक्षण संपल्यावर बाहेर पडताना मात्र त्याने द्वारपालाचे नाव सांगायचे असते. गेड खूप विचार करतो आणि शेवटी सरळ त्यालाच विचारतो, आणि तो सांगतो. या प्रसंगावर मुले हसतात, हसू द्यावे. सर्वांत मोलाची नोंद मात्र त्याआधीची आहे: मोठ्या अपराधानंतर गेड सर्वांपासून तुटलेला, खचलेला असताना त्याचा मित्र व्हेच निघताना त्याला आपले खरे नाव सांगतो, एस्टॅरिऑल. बदल्यात काही न मागता. मग गेडही आपले सांगतो. ज्या जगात नाव म्हणजे प्राण, त्या जगात मैत्री कशी दिसते, याचे वर्णन करायला याहून अधिक शब्द लागत नाहीत.

समतोल

कादंबरीचे दुसरे सूत्र समतोलाचे आहे. ते ओगियनपासून सुरू करावे. गेड त्याच्याकडे शिकायला जातो तेव्हा त्याला वाटते, आता मोठमोठे मंत्र मिळतील. पण ओगियन त्याला औषधी वनस्पतींची नावे शिकवतो आणि बराचसा वेळ गप्प असतो. वाटेत पाऊस लागतो, तेव्हा इतर जादूगारांप्रमाणे तो ढग दुसरीकडे ढकलत नाही. झाडाखाली जाऊन शांतपणे निजतो. गेड मात्र चिंब भिजून विचार करतो की, वापरायची नसेल तर एवढी शक्ती कशासाठी? कोकणातल्या जुलैत हा परिच्छेद वाचावा आणि मुलांना एकच प्रश्न विचारावा: इथला पाऊस हटवला तर तो जाईल कुठे? पुढे रोकच्या शाळेत हेच शिकवले जाते. एका बेटावर पाडलेला पाऊस दुसऱ्या बेटावरचा दुष्काळ ठरू शकतो. गारगोटीचा हिरा झाल्यासारखे दाखवणे ही गंमत आहे, परंतु तिचा खरोखर हिरा करणे म्हणजे जग बदलणे आहे. आणि दिवा लावला की सावली पडतेच.

या शेवटच्या वाक्याखाली वहीत रेघ मारायला सांगावी, कारण का ते न सांगता.

मासेमारीबंदीचे उदाहरण मुले स्वतःच देतात. दोन महिने समुद्र मोकळा ठेवला नाही तर वीण कशी होणार, हे त्यांना घरातूनच माहीत असते, आणि घरात पैशांची ओढाताण असतानाही होडी वर ओढणे म्हणजे काय, हेही. शक्ती असून ती न वापरणे हा ओगियनचा गुण त्यांना येथे समजतो.

पेंडोरच्या ड्रॅगनाचे प्रकरणही याच सूत्रात घ्यावे. झुंजीचे वर्णन मुले मन लावून ऐकतात, परंतु खरा कस झुंजीनंतर लागतो. येवॉड या म्हाताऱ्या ड्रॅगनाचे खरे नाव गेडने ओळखले आहे, म्हणजे त्याच्यावर गेडची सत्ता आहे, आणि ड्रॅगन त्याला सौदा देऊ करतो: मी तुला तुझ्या सावलीचे नाव सांगतो. गेडला त्या क्षणी जगातली सर्वांत हवीशी गोष्ट तीच आहे. तरीही तो लो टॉर्निंगच्या लोकांचा विचार करतो आणि ड्रॅगनाकडून एवढीच शपथ घेतो की, तो किंवा त्याची पिल्ले द्वीपसमूहाकडे पुन्हा फिरकणार नाहीत. येथे पुस्तक मिटून मुलांना कागदावर लिहायला सांगावे, तुम्ही असता तर कोणता सौदा केला असता? उत्तरे वाचून दाखवू नयेत, परत मागूही नयेत.

सावली

सावली मुक्त होण्याचे प्रकरण चौथे आहे. जॅस्पर या वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याशी असलेल्या चढाओढीत गेड उन्हाळ्याच्या एका रात्री रोकच्या टेकडीवर हजार वर्षांपूर्वी मरण पावलेल्या एल्फारनच्या आत्म्याला बोलावतो. तो येतोही, पण काळोखात उघडलेल्या त्या फटीतून एक काळा, आकारहीन जीव बाहेर पडतो आणि गेडच्या चेहऱ्यावर झडप घालतो. शाळेचे वृद्ध महागुरू नेमर्ल ती फट बुजवतात, त्यातच त्यांची सगळी शक्ती सरते आणि ते मरण पावतात. गेड वाचतो, चेहऱ्यावरचे व्रण मात्र कायमचे राहतात.

या प्रकरणाआधी दुसऱ्या प्रकरणाकडे एकदा मागे वळावे. ओगियनच्या घरी, एका मुलीने डिवचल्यामुळे, गेडने चोरून मंत्राचे पान वाचले होते आणि दाराजवळ काळोखात काहीतरी दबा धरून बसलेले त्याला दिसले होते. दोन्ही वेळा काय घडले, याची तुलना मुलांनी करावी. दोन्ही वेळा कोणीतरी ‘तुला जमणार नाही’ असे सुचवले होते आणि दोन्ही वेळा मंत्र गेडनेच म्हटला होता. वाचून दाखवणाऱ्याने एवढेच विचारावे: “हे कोणी केलं?” पहिले उत्तर बहुधा ‘जॅस्परने’ असे येते. त्या उत्तराला चूक म्हणू नये. तोच प्रश्न पुढच्या प्रत्येक बैठकीत विचारावा आणि उत्तर कधी बदलते ते पाहावे. दुसऱ्या वर्षीच्या गटात ते सातव्या आठवड्यात बदलले.

आपल्या भागात आणखी एक अडचण येते. मुलांना भुताखेतांच्या, देवचाराच्या, झपाटल्याच्या गोष्टी भरपूर ठाऊक असतात आणि सावली ही त्याच रांगेतली एक, बाहेरून आलेली आणि उतारा टाकून घालवता येण्याजोगी बाधा आहे, असे ती धरून चालतात. सहाव्या प्रकरणात तर ती सावली स्किऑर नावाच्या वल्हेकऱ्याचे शरीर आतून पोखरून वापरते, त्यामुळे हा समज पक्का होतो. तो लगेच मोडू नये. नेमक्या याच ठिकाणी पुस्तकातली खूण दाखवावी: स्किऑरच्या तोंडून ती सावली गेडला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारते आणि त्यामुळे गेडची सगळी जादू लुळी पडते. मुलांच्या वहीत गेडचे नाव ठाऊक असलेल्यांची यादी तयार आहेच: मावशी नाही, जॅस्पर नाही, ओगियन, द्वारपाल, व्हेच. यांपैकी कोणीही ते सांगितलेले नाही. मग सावलीला ते कसे ठाऊक? प्रश्न फळ्यावर लिहावा आणि तसाच राहू द्यावा. आमच्याकडे तो तीन आठवडे पुसला नव्हता.

सातव्या प्रकरणात गेड ऑस्किलच्या दुर्गातून ससाण्याच्या रूपात पळतो आणि इतका काळ पक्षी राहतो की स्वतःला जवळजवळ विसरतो. तो ओगियनच्या हातावर येऊन बसतो आणि ओगियन त्याला पुन्हा माणूस करतो. मग ओगियन त्याला सांगतो की, पळत राहिलास तर ती तुला हवे तिथे हाकत नेईल, म्हणून आता वळ आणि तिचा पाठलाग कर. संपूर्ण कादंबरीचे कथानक या जागी वळते. येथपर्यंत सावली मागे आणि गेड पुढे. येथून गेड मागे आणि सावली पुढे. नकाशावर निळी पेन्सिल येथे द्यायची. तीच बेटे, तेच पाणी, पण रेघ उलटी निघते, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. पळताना आकार घेत गेलेली सावली पाठलाग सुरू झाल्यावर स्वतःच पळू लागते.

आठव्या प्रकरणात सावली गेडला धुक्यात फसवून एका वाळूच्या दांड्यावर त्याची होडी आदळवते. तेथे आयुष्यभर एकाकी राहिलेली एक म्हातारी आणि म्हातारा त्याला भेटतात. ती बालपणीच टाकून दिलेली राजघराण्यातली भावंडे आहेत हे गेडला हळूहळू कळते आणि म्हातारी त्याला हातात घालायच्या एका तुटलेल्या कड्याचा अर्धा तुकडा देते. कथानकात त्याचा उपयोग लगेच होत नाही, म्हणून काही जण हा भाग गाळतात. तो गाळू नये. पाठलागाच्या मध्यावर कोणाकडून तरी निष्कारण मिळालेली ही दया मुलांच्या मनात राहते.

पुस्तकातल्या अडचणीच्या जागा

दोन गोष्टी मुलांपासून लपवू नयेत. पहिली रंगाची. गेडचा वर्ण तांबूस तपकिरी आहे, व्हेच त्याहून काळा आहे, आणि चढाई करून गेडच्या गावावर येणारे कार्ग लोक गोरे आहेत. लेखिकेने हे जाणीवपूर्वक केले होते आणि मुखपृष्ठांवर किंवा पडद्यावर गेडला गोरा दाखवले गेले तेव्हा तिने उघडपणे नाराजी व्यक्त केली होती. मुलांना चित्र काढायला सांगितले तर वर्णन ऐकूनही बरीचशी मुले गोरा गेड काढतात. ते वर्णन पुन्हा वाचावे, चित्रे पुन्हा काढू द्यावीत. भाषण करू नये.

दुसरी गोष्ट मुलींच्या लक्षात येतेच. रोकच्या शाळेत मुली नाहीत, आणि बायकांची जादू दुबळी व दुष्ट असते अशा अर्थाची म्हण गाँट बेटावर आहे. “बाई, मावशीनंच त्याला पहिला मंत्र शिकवला, मग ती दुबळी कशी?” असे एका आठवीतल्या मुलीने विचारले होते. तिला मी सांगितले की प्रश्न बरोबर आहे, आणि लेखिकेलाही पुढे तो सलला असावा, कारण १९९० मध्ये तिने ‘तेहानू’ ही कादंबरी लिहून याच जगाकडे बायकांच्या बाजूने पाहिले. आवडत्या पुस्तकातला दोष दिसणे म्हणजे पुस्तक सोडणे नव्हे, एवढे त्या मुलीला समजले. ती पुढच्या सर्व बैठकांना आली.

शेवटची बैठक

शेवटच्या बैठकीला घाई असता कामा नये. दीड तास हाताशी ठेवावा, वीज जाण्याची शक्यता धरून बॅटरी जवळ असावी. आधी नववे प्रकरण: इफिश बेटावर व्हेचचे घर, त्याची धाकटी बहीण यॅरो, चुलीजवळची ऊब, आणि तिचे सरळ प्रश्न. त्यानंतर व्हेच आपण होऊन गेडबरोबर होडीत बसतो. दोघे पूर्वेकडच्या शेवटच्या बेटाच्याही पुढे जातात आणि खुल्या समुद्रात पाण्याची जणू वाळू होते. गेड होडीतून उतरून त्या वाळूवर चालू लागतो. समोरून सावली येते. ती त्याच्या वडिलांचे रूप घेते, मग जॅस्परचे, मग इतरांचे, आणि शेवटी कोणाचेच नाही.

येथून पुढचे दोन परिच्छेद अगदी संथपणे, आवाज न चढवता वाचावेत. दोघे समोरासमोर येतात आणि एकाच वेळी, एकच नाव उच्चारतात. ते नाव वाचण्यापूर्वी क्षणभर थांबावे. तिन्ही वर्षी नाही, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी त्या क्षणी कोणीतरी ते माझ्याआधी म्हटले. तिसऱ्या वर्षी ते म्हणणारा मुलगा आठव्या आठवड्यापर्यंत जॅस्परलाच दोष देत आला होता.

त्यानंतर स्पष्टीकरण करू नये, युंगचा किंवा कोणत्याही मानसशास्त्राचा आधार घेऊ नये आणि ‘यातून आपण काय शिकलो’ असे तर मुळीच विचारू नये. फळ्यावरचा प्रश्न तसाच असतो. ज्याला पुसायचा असेल त्याने उठून पुसावा. सहाव्या आणि चौथ्या प्रकरणाची पाने मुले आपण होऊन पुन्हा उघडतात, ‘दिवा लावला की’ या ओळीखालची रेघ शोधतात आणि आपापसांत बोलू लागतात. त्यांचे बोलणे झाले की लेखिकेने शेवटी लिहिलेले वाक्य मराठीत सांगावे: गेड हरलाही नाही आणि जिंकलाही नाही, आपल्या मृत्यूच्या सावलीला स्वतःचे नाव देऊन तो पूर्ण झाला.

नकाशा मात्र लगेच काढू नये. ज्या मुलांना पुढे वाचायचे आहे त्यांच्यासाठी १९७१ मध्ये आलेली ‘द टूम्ब्स ऑफ अॅटुआन’ ही दुसरी कादंबरी आहे. तिच्यात म्हातारीने दिलेल्या त्या अर्ध्या कड्याचा दुसरा अर्धा भाग सापडतो, आणि सुरुवातीलाच टेनार नावाच्या एका लहान मुलीचे नाव तिच्याकडून काढून घेतले जाते. नावांच्या वहीची उरलेली पाने तिच्यासाठी ठेवावीत.